गृहयुद्ध वेढ्याने संपतं का? (व्हिक्सबर्ग, पीटर्सबर्ग आणि आठवतील ते सगळे वेढे)

उत्तरध्रुव:
अमेरिकेच्या गृहयुद्धावर सध्या वाचतोय. जिथे बघावं तिथे गेटिसबर्गच. तीन दिवसांची लढाई, पिकेटची चढाई, पुढे लिंकनचं भाषण. पण गेटिसबर्गनंतर दक्षिणेच्या बंडखोर राज्यांचा सेनापती ली याचं सैन्य पोटोमॅक नदी ओलांडून परत गेलं आणि आणखी पावणेदोन वर्षं लढलं. ती लढाई संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी, म्हणजे ४ जुलै १८६३ला, पश्चिमेकडे व्हिक्सबर्गमध्ये दक्षिणेच्या पेम्बर्टनने उत्तरेच्या ग्रँटपुढे शस्त्रं खाली ठेवली. साडेएकोणतीस हजारांच्या आसपास माणसं, सगळ्या तोफांसह. पाच दिवसांनी पोर्ट हडसनही पडलं, मिसिसिपी नदी पूर्ण उत्तरेच्या हातात आली आणि दक्षिणेचे दोन तुकडे झाले.

शेवटही वेढ्यातूनच झाला. पीटर्सबर्गपुढे जून १८६४ पासून मोर्चे लागले ते एप्रिल १८६५ पर्यंत. २ एप्रिलला फळी फुटली, ३ ला दक्षिणेची राजधानी रिचमंड गेलं, ९ ला ली ऍपोमॅटॉक्सला शरण आला.

म्हणून विचारतो. गृहयुद्ध संपवण्यात वेढ्याचा वाटा खरंच एवढा मोठा असतो का? की आधीच हरलेल्या पक्षाला शेवटी कोपऱ्यात गाठतात आणि त्यालाच आपण वेढा म्हणतो?

खंदक:
विषय झकास. पण सुरुवातीलाच एक आक्षेप नोंदवतो. पीटर्सबर्ग कधीच पूर्ण वेढलं गेलं नव्हतं. पश्चिमेची बाजू जवळजवळ शेवटपर्यंत उघडी होती. ग्रँटने शहर कोंडलं नाही, शहरात येणाऱ्या वाटा एकेक करून तोडल्या. ऑगस्ट १८६४ मध्ये ग्लोब टॅव्हर्नपाशी वेल्डन रेल्वे तोडली. मग दक्षिणेची रसद स्टोनी क्रीकपर्यंत रेल्वेने यायची आणि तिथून पन्नासेक किलोमीटरचा वळसा घेत खेचरांच्या गाड्यांवर. उरली साउथ साइड रेल्वे. १ एप्रिल १८६५ला फाइव्ह फोर्क्सचा नाका पडला, तिचाही भरवसा गेला आणि चोवीस तासांत खेळ खलास.

व्हिक्सबर्ग मात्र अस्सल वेढा. जमिनीकडून ग्रँट, नदीतून पोर्टरच्या तोफनौका.

मधमाशी:
फाइव्ह फोर्क्सला दक्षिणेकडून कोण होतं? नाव ओळखीचं वाटत होतं म्हणून विचारते.

खंदक:
तोच, गेटिसबर्गच्या चढाईचा पिकेट. हल्ला झाला तेव्हा साहेब मोर्चावर नव्हतेच. मागे ओढ्यापलीकडे शॅड मासे भाजत होते, त्या मेजवानीला गेले होते. मधल्या झाडीमुळे लढाईचा आवाजही नीट पोचला नाही म्हणतात.

मधमाशी:
म्हणजे दक्षिण माशाच्या काट्याने गेली.

अर्धविराम:
विनोद चालू द्या, पण खंदक यांचा मुद्दा पुढे नेतो. पूर्ण वेढा नसूनही ली तिथे अडकला होता, आणि खरी मेख तीच. पीटर्सबर्ग गेलं की रिचमंडच्या रेल्वे गेल्या, म्हणून ते सोडता येत नव्हतं. ग्रँट दर काही आठवड्यांनी आपली डावी बाजू आणखी पश्चिमेला सरकवायचा. लीलाही तेवढंच ताणावं लागायचं. ताणता ताणता खंदकांची रांग पन्नास किलोमीटरच्या आसपास गेली आणि त्यात उभी राहणारी माणसं रोज कमी होत होती. १८६४-६५ च्या हिवाळ्यात गोळ्यांपेक्षा पळून जाणाऱ्यांनी सैन्य जास्त पोखरलं. उत्तरेच्या शर्मनचं सैन्य जॉर्जिया आणि कॅरोलिनातून चाललंय अशी पत्रं घरून येत होती, माणूस खंदकात थांबेल कशाला?

दुसऱ्या बाजूला ग्रँटचं सिटी पॉइंट बंदर बघा. जहाजातून उतरलेला माल थेट मोर्चापर्यंत नेणारी लष्करी रेल्वे आणि दिवसाला लाखभर शिध्यांचा पाव भाजणारी भट्टी. एका बाजूला ताजा पाव, दुसऱ्या बाजूला मूठभर मक्याचं पीठ.

लीला हे आधीच कळलं होतं. ग्रँट जेम्स नदीपर्यंत पोचला तर वेढा पडेल आणि मग प्रश्न फक्त वेळेचा उरेल, असं तो आपल्या सेनापतींपैकी जुबल अर्लीला म्हणाला होता.

सुरुंगवाला:
आयडीला जागून पीटर्सबर्गच्या क्रेटरबद्दल, म्हणजे सुरुंगाने पडलेल्या खड्ड्यातल्या लढाईबद्दल लिहितोच. ३० जुलै १८६४. पेनसिल्व्हेनियाच्या ४८व्या पलटणीत कोळसा खाणीतले कामगार भरपूर होते. त्यांचा अधिकारी हेन्री प्लेझंट्स हा स्वतः खाण-अभियंता. शत्रूच्या बुरुजाखालपर्यंत बोगदा खणू, असं त्यांनी सुचवलं. लष्कराच्या अभियंत्यांना ते काही पटलं नाही, त्यामुळे अवजारं आणि लाकूड जमेल तिथून गोळा करावं लागलं. तरी सुमारे दीडशे मीटर लांब बोगदा झाला. हवा खेळती ठेवण्यासाठी बोगद्यातून वर एक धुराडं काढलं आणि त्याच्या तळाशी आग पेटती ठेवली. गरम हवा वर गेली की लाकडी नळीतून ताजी हवा थेट खणणाऱ्यांपर्यंत ओढली जायची. एकदम सोपी युक्ती. मग ८,००० पौंड बंदुकीची दारू भरली.

बत्ती दिली आणि काहीच झालं नाही. वात मध्येच विझली होती. दोघं जण आत रांगत गेले, वात जोडून पुन्हा पेटवली आणि बाहेर आले. पहाटे पावणेपाचच्या सुमाराला तो बुरूज माणसांसकट आकाशात उडाला.

इथपर्यंत सगळं अप्रतिम. पुढचा हल्ला मात्र वरिष्ठांनी मातीत घातला. आघाडीला कृष्णवर्णीय पलटणींची डिव्हिजन जाणार होती, खड्ड्याच्या कडेने कसं जायचं याची तालीम तिला दिलेली होती. आदल्या दिवशी ग्रँटच्या हाताखालचा सेनापती मीड याने बेत बदलला, ग्रँटने मान्यता दिली. हल्ला फसला तर कृष्णवर्णीयांना मुद्दाम मरायला पुढे घातलं असं लोक म्हणतील, ही धास्ती. मग चिठ्ठ्या टाकून लेडलीची डिव्हिजन निवडली. तालीम शून्य, आणि लेडली स्वतः मागे आडोशाला दारू ढोसत बसलेला. त्याची माणसं खड्ड्याला वळसा घालण्याऐवजी खड्ड्यातच उतरली. वरून दक्षिणेचे सैनिक कडेला येऊन गोळ्या घालत होते. कृष्णवर्णीय पलटणी नंतर आत ढकलल्या गेल्या आणि त्यांच्यातल्या कित्येकांना हात वर केल्यावरही ठार मारलं. उत्तरेचं नुकसान ३,८०० च्या आसपास.

तात्पर्य म्हणू नका, पण वेढ्यात शॉर्टकट मारायला गेलं की हे असं होतं. व्हिक्सबर्गलाही १९ आणि २२ मेचे दोन्ही थेट हल्ले फसल्यावरच ग्रँट फावडी घेऊन बसला.

गडकोट:
सुरुंगावरून साताऱ्याचा वेढा आठवला. एप्रिल १७००. औरंगजेब स्वतः तळ देऊन बसला होता, किल्लेदार प्रयागजी प्रभू. मोगलांनी दोन सुरुंग उडवले. पहिल्याने तट आतल्या बाजूला ढासळला. दुसरा उडाला तेव्हा दरड उलटी खाली, हल्ल्यासाठी सज्ज उभ्या असलेल्या मोगलांवरच आली. दीड-दोन हजार माणसं गाडली गेली असं सांगतात. तरी किल्ला त्याच महिन्यात गेला. आणि जिंजी विसरू नका! आठेक वर्षं चाललेल्या त्या वेढ्यात झुल्फिकारखान जास्त अडकला होता की राजाराम महाराज, हा प्रश्नच आहे.

तिरकस:
धागा अमेरिकेच्या गृहयुद्धाचा आहे. सातव्या प्रतिसादातच आपण साताऱ्याला पोचलो. हल्लीच्या मानाने उशीरच झाला.

गडकोट:
तिरकस, मुद्दा वेढा घालणारा स्वतः अडकण्याचा आहे. तो अमेरिकेला लागू होतो की नाही ते सांगा.

निळी शाई:
लागू होतो, आणि फार नेमका लागू होतो. १८६४ चा उन्हाळा बघा. पीटर्सबर्गपुढे ग्रँट अडकलेला, अटलांटापुढे शर्मन अडकलेला. मे-जूनमध्ये व्हर्जिनियात उत्तरेची माणसं हजारोंनी पडली होती, आणि त्यावर हा क्रेटरचा फज्जा. नोव्हेंबरात अध्यक्षपदाची निवडणूक. २३ ऑगस्टला लिंकनने एका कागदावर लिहून ठेवलं की आपलं सरकार बहुधा परत निवडून येणार नाही. तो कागद घडी घालून मंत्र्यांपुढे ठेवला आणि मजकूर न दाखवता त्यांच्या सह्या घेतल्या. आठवडाभरात डेमोक्रॅटिक पक्षाने शिकागोच्या अधिवेशनात युद्ध फसलंय असं म्हणणारा जाहीरनामा काढला.

म्हणजे पीटर्सबर्गचा वेढा त्या घडीला दक्षिणेला नव्हे, लिंकनला बुडवायला निघाला होता! खंदकातली दक्षिण नोव्हेंबरपर्यंत टिकली असती, तर जे तिला रणांगणावर मिळालं नाही ते उत्तरेच्या मतपेटीतून मिळण्याची शक्यता होती. मग शर्मनने अटलांटाच्या दक्षिणेला जोन्सबरोपाशी शेवटची रेल्वे तोडली, दक्षिणेच्या हूडने शहर सोडलं, २ सप्टेंबरला अटलांटा पडलं आणि वारं फिरलं. नोव्हेंबरात लिंकन आरामात निवडून आला. वेगळ्या मोजलेल्या सैनिकांच्या मतांपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त त्याला होती. खंदकात सडणारी माणसंच म्हणाली, चालू द्या.

त्यामुळे उत्तरध्रुव, तुमच्या प्रश्नातला एक अर्धा भाग सुटलाय. आतल्यांची उपासमार सगळे मोजतात. बाहेरच्यांचा धीर किती पुरतो तेही मोजायला हवं. गृहयुद्धात तर दोन्ही बाजू एकाच देशाच्या, एकच भाषा बोलणाऱ्या. बाहेरच्या माणसाचा चुलतभाऊ आत असतो.

मधमाशी:
निळी शाई, हा प्रतिसाद जपून ठेवला.

कोरा कागद:
व्हिक्सबर्गच्या सामान्य माणसांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. तोफांचा मारा सुरू झाल्यावर लोकांनी टेकड्यांच्या मऊ मातीत गुहा खणल्या. काहींनी आत गालिचे, पलंग, खुर्च्या नेल्या. नंतर नंतर खेचराचं मांस खायची वेळ आली. तिथलं डेली सिटिझन हे वर्तमानपत्र कागद संपल्यावर भिंतीला लावायच्या नक्षीच्या कागदाच्या मागच्या बाजूवर छापलं जायचं. २ जुलैच्या अंकात संपादकाने ग्रँटची टिंगल केली होती: व्हिक्सबर्गमध्ये ४ जुलैचं जेवण घेणार म्हणे, आधी ससा पकडा, मग शिजवा. शहर पडल्यावर उत्तरेच्या सैनिकांना छापखान्यात तो अंक जुळवलेल्या खिळ्यांत तसाच सापडला. त्यांनी खाली चार ओळी जोडल्या की ग्रँटने ससा पकडलाय, आणि अंक छापून टाकला.

तिरकस:
संपादकीय धोरणात बदल, कारण मालकी बदलली.

पैलतीर:
तुम्ही सगळे अमेरिकेवरून नियम काढताय. चीन बघा. १९४८ मध्ये कम्युनिस्ट सेनापती लिन ब्याओच्या सैन्याने राष्ट्रवाद्यांच्या ताब्यातल्या चांगचुनला वेढा घातला, मे ते ऑक्टोबर. शहरातल्या सैन्याचं अन्न लवकर संपावं म्हणून भुकेल्या नागरिकांना बाहेर पडू द्यायचं नाही, हे धोरण होतं. आतल्या सैन्यालाही तोंडं कमी करायची होती, म्हणून ते लोकांना बाहेर ढकलत होते. दोन फळ्यांच्या मधल्या पट्ट्यात माणसं अडकली आणि तिथेच उपाशी मेली. एकूण मृतांचा आकडा लाखाच्या वर धरला जातो. ऑक्टोबरच्या मध्यात दक्षिणेला चिनचौ पडलं, सुटकेची आशा संपली, आतली ६०वी सेना फितूर झाली आणि काही दिवसांत शहर गेलं.

आता पुढचं बघा. जानेवारी १९४९ मध्ये तिएनचिन २९ तासांच्या हल्ल्यात पडलं आणि वेढलेल्या पेकिंगमध्ये राष्ट्रवादी सेनापती फू त्सोयीने वाटाघाटी करून शहर न लढता देऊन टाकलं. त्याची स्वतःची मुलगी कम्युनिस्ट होती, तीही मध्यस्थीत होती. एवढं मोठं शहर शाबूत राहिलं. ते शहाणपणाने सुटलं की चांगचुनच्या धाकाने? मला तरी धाकाचा वाटा मोठा दिसतो. वेढ्याने गृहयुद्ध लवकर संपवलं म्हणून आपण टाळ्या वाजवतो, तेव्हा त्या लवकरची किंमत कुणी दिली तेही लिहावं.

खंदक:
पैलतीर, टाळ्या कुणी वाजवलेल्या दिसल्या नाहीत. पण किमतीचा मुद्दा मान्य. पीटर्सबर्गची पश्चिम बाजू उघडी होती म्हणून लोक निघून जाऊ शकले. चांगचुनला ती सोय नव्हती.

वाटसरू:
जे वेढे काहीच संपवू शकले नाहीत त्यांचं काय? स्पेनच्या गृहयुद्धात माद्रिदपुढे बंडखोर फ्रँकोचं सैन्य नोव्हेंबर १९३६ मध्ये पोचलं, शहर पडलं मार्च १९३९ मध्ये. तेही तट फुटून नाही. आत रिपब्लिकवाल्यांचीच, म्हणजे सरकारी बाजूची, आपसात जुंपली, त्यांच्यातल्याच कासादोने मार्चच्या सुरुवातीला बंड केलं आणि २८ मार्चला शत्रू चालत आत आला. गंमत अशी की सप्टेंबर १९३६ मध्ये टोलेडोच्या आल्काझार किल्ल्यात फ्रँकोच्या बाजूची माणसं वेढली गेली होती. त्यांना सोडवायला फ्रँको वाट वाकडी करून गेला. त्याचं नाव झालं, पण माद्रिदला तयारीला वेळ मिळाला.

बोस्नियातलं सारायेव्हो १,४२५ दिवस सर्ब सैन्याच्या वेढ्यात होतं. विमानतळाखालून खणलेल्या आठशे मीटरच्या बोगद्यातून शहर श्वास घेत राहिलं. ऑगस्ट १९९५ मध्ये मार्काले बाजारावर तोफगोळा पडला, नाटोची विमानं आली, मग युद्ध थांबवणारा डेटन करार. म्हणजे वेढ्यामुळे युद्ध संपलं खरं, पण वेढा घालणाऱ्याच्या विरोधात.

आणि सीरियातलं अलेप्पो. डिसेंबर २०१६ मध्ये बंडखोरांच्या हातातलं पूर्व अलेप्पो रिकामं झालं, हिरव्या बसमधून माणसं गेली, युद्धाचा निकाल लागला असं सगळ्यांनी लिहिलं. नोव्हेंबर २०२४ च्या शेवटी तेच शहर काही दिवसांत उलट्या बाजूने पडलं आणि ८ डिसेंबरला अध्यक्ष असद देश सोडून गेला.

अर्धविराम:
या यादीतून मला एक धागा दिसतो. आत कोण आहे ते बघा. व्हिक्सबर्ग, पीटर्सबर्ग, चांगचुन: आत शत्रूचं मोठं लढाऊ सैन्य. ते गेलं की पुन्हा उभं करायला माणसं नाहीत. अलेप्पोत शहर पडलं, पण लढणारे बसमधून इदलिबला गेले आणि तिथूनच परत आले. भिंती जिंकल्या, माणसं सुटली.

पैलतीर:
मग व्हिक्सबर्गचं काय कराल? ग्रँटने पेम्बर्टनची माणसं कैदेत ठेवलीच नाहीत. पुन्हा लढणार नाही असं वचन लिहून घेतलं आणि सोडून दिलं. त्यांतले बरेच नंतर परत लढायला आले.

अर्धविराम:
आले, पण सगळे नाही. कित्येक जण सरळ घरी गेले आणि घरीच राहिले. तीस हजार कैद्यांना उत्तरेला नेण्यात ग्रँटची जहाजं आणि शिधा अडकला असता. घरी गेलेला हरलेला सैनिक आपल्या गावात पराभवाची बातमी घेऊन जातो, हा हिशोबही त्यात होता.

निळी शाई:
आणि हाच हिशोब शेवटी कामी आला. पीटर्सबर्गहून निघाल्यावर लीच्या सैन्याला अमेलिया कोर्ट हाउसला शिधा मिळायचा होता, तो आलाच नाही. भुकेलं सैन्य आठवडाभर पश्चिमेकडे पळत होतं. ९ एप्रिलच्या सकाळी तोफखान्याच्या पोर्टर अलेक्झांडरने लीला सुचवलं की शरण जाण्यापेक्षा माणसांना रानावनात पांगू द्या, आपापल्या राज्यात लढतील. लीने साफ नकार दिला. असं केलं तर माणसं लुटारू होतील आणि देश सावरायला वर्षानुवर्षं लागतील, असं त्याचं म्हणणं. ग्रँटच्या अटीही नकाराला पोषक होत्या: वचन द्या, घरी जा, स्वतःचा घोडा असेल तर शेतीला घेऊन जा. वर लीच्या माणसांसाठी पंचवीस हजार शिधे.

कोलचेस्टर आठवा. १६४८, इंग्लंडचं दुसरं गृहयुद्ध, अकरा आठवड्यांचा वेढा. शहर शरण आल्यावर लुकस आणि लाइल या दोन राजनिष्ठ सरदारांना गोळ्या घातल्या. राजाच्या बाजूला दोन हुतात्मे मिळाले. ग्रँटने दक्षिणेला तशी संधी दिली नाही.

उत्तरध्रुव:
सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर आता असं आहे. वेढ्याने लीची हालचाल काढून घेतली. हालचाल हेच त्याचं भांडवल होतं, म्हणून दहा महिन्यांत तो कंगाल झाला. पण युद्ध संपलं ते ९ एप्रिलच्या त्या नकारामुळे आणि ग्रँटच्या अटींमुळे. दक्षिणेचा अध्यक्ष डेव्हिस याचं ऐकलं असतं तर संपलं नसतं. तो ४ एप्रिलला डॅनव्हिलहून, आता शहरं राखायची जबाबदारी नाही, मोकळेपणाने लढू, असं जाहीर करत होता.

पैलतीर:
हे पटतं. चांगचुनची तक्रार मात्र मागे घेत नाही.

मधमाशी:
ली शरण गेला म्हणजे सगळे गेले का?

खंदक:
नाही हो. दक्षिणेचा दुसरा सेनापती जॉन्स्टन २६ एप्रिलला शर्मनपुढे, मिसिसिपीपलीकडचं सैन्य मे-जूनमध्ये, चेरोकी सरदार स्टँड वेटी २३ जूनला. आणि शेनँडोआ नावाची दक्षिणेची युद्धनौका तर जूनमध्येही बेरिंग समुद्रात उत्तरेची देवमासे मारणारी जहाजं जाळत होती. तिने ६ नोव्हेंबर १८६५ला लिव्हरपूलला जाऊन झेंडा उतरवला.

तिरकस:
तिला वेढा कोणी घातला होता?

खंदक:
कोणीच नाही. ऑगस्टमध्ये भेटलेल्या एका इंग्रज जहाजाने वर्तमानपत्रं दाखवली, तेव्हा युद्ध संपल्याची खात्री पटली. तिच्यावर वेगळा धागा काढा, मी येतो.